मोरीतली काळी अळी की पिंपातली? आधी ओळखा, मग औषध

पावसाळा लागला की बाथरूममध्ये, पिंपात, दाराच्या उंबऱ्याशी बारीक काळे किडे दिसू लागतात आणि आपण सरसकट फिनेल ओततो. त्याआधी दोन मिनिटं द्या. पांढऱ्या वाटीत थोडं पाणी घ्या, किडा त्यात सोडा आणि मोबाइलचा टॉर्च मारा.

डासाची अळी असेल तर ती गप्प बसत नाही. शेपटीकडची श्वासाची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून डोकं खाली करून लटकते. वर हाताची सावली पडली की वळवळत तळाशी जाते आणि श्वासासाठी पुन्हा वर येते. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहणारी अळी मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीसची.

मोरीतली अळी पोहणारी नाही. आमच्या बाथरूमची जाळी उचलली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला काळपट, बुळबुळीत थर होता. जुन्या टूथब्रशने तो खरवडून वाटीत घेतला. केस आणि साबणाचा मळ वाटत होता, त्यातलेच काही दोरे हळूच सरकू लागले! एक सेंटिमीटरच्या आतली, राखाडी अंगावर गडद पट्टे असलेली ही अळी ड्रेन फ्लायची. भिंतीवर बसणारी, केसाळ पंखांची छोटी राखाडी माशी ती हीच. खात्री करायची असेल तर रात्री कोरड्या जाळीवर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली आणि कडेला थोडी फट. सकाळी माश्या चिकटलेल्या दिसतील.

दोन्हींचे उपाय अगदी वेगळे. मोरीत नुसतं फिनेल ओतून भागत नाही, कारण अळ्या त्या थरात लपलेल्या असतात. लांब दांड्याच्या ब्रशने पाइपची आतली बाजू घासून थरच काढावा लागतो. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड मात्र कधीही एकत्र टाकू नका, विषारी वायू तयार होतो.

पिंपाचं काम जास्त घाईचं. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतून देऊ नका. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. काठापर्यंत घासा, वाळवा, भरल्यावर कापड घट्ट बांधा. दोन्हीकडे अळ्या असतील आणि हाताशी एकच तास असेल, तर मी पिंपच आधी घेईन.

टाकीच्या तळाशी लाल अळ्या दिसल्या तर त्या न चावणाऱ्या चिलटांच्या. टाकी धुवा आणि झाकण बसवा.

उंबऱ्याशी येणारी, हात लावताच गोल वेटोळं करणारी, असंख्य पायांची ती वाणी. ती चावत नाही, पालापाचोळा खाते. चिरडू नका, तिच्या अंगातल्या स्रावाने डाग पडतो आणि कातडीची आग होते. सुपडीत घ्या, बाहेर टाका आणि भिंतीलगतचा कुजका पाला उचला.