देनारियस की अँटोनिनियानस? रोमन चांदीचे नाणे ओळखताना

सम्राटाची छबी असलेले रोमन चांदीचे नाणे हाती आले की ते देनारियस आहे की अँटोनिनियानस, हे आधी ठरवावे लागते. आणि हा निर्णय धातूच्या रंगावरून न करता सम्राटाच्या मस्तकावरून करावा, असे माझे ठाम मत आहे.

देनारियसवरील सम्राट बहुधा लॉरेलच्या पानांची माळ ल्यालेला असतो व तिच्या फितीची टोके मानेमागे लोंबताना दिसतात, तर अँटोनिनियानसवर त्याच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारख्या टोकदार आऱ्यांचा मुकुट असतो. राणीच्या नाण्यावर मात्र मुकुट शोधत बसू नये. अँटोनिनियानसवर तिची छबी चंद्रकोरीवर टेकलेली असते आणि देनारियसवर ती कोर नसते. वीरगळांवर सूर्यचंद्राची जोडी पाहिलेल्या वाचकाच्या ही खूण सहज लक्षात राहील.

सम्राट तिसऱ्या गॉर्डियनची (इ. स. 238 ते 244) दोन्ही नाणी शेजारी ठेवून पाहावीत. तोच दाढी नसलेला कोवळा चेहरा; पण देनारियस सुमारे 3 ग्रॅमचे, तर अँटोनिनियानस सुमारे 4 ते 5 ग्रॅमचे आणि थोडे रुंद. सम्राट कॅराकॅलाने इ. स. 215 मध्ये अँटोनिनियानस हे नवे नाणे काढले. ते दोन देनारियसच्या मोलाने चालवले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण त्यात दोन देनारियसइतकी चांदी घातलेली नव्हती, आणि त्याच्या पुढच्या घसरणीचे मूळ मला इथेच दिसते.

कसाचा, म्हणजे चांदीच्या शुद्धतेचा, फरक काळानुसार पाहावा लागतो. ऑगस्टस व टायबेरियसचे देनारियस जवळजवळ चोख चांदीचे आहेत, नीरोने इ. स. 64 च्या सुमारास वजन आणि कस दोन्ही उतरवले, आणि सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात निम्म्याच्या आसपास हीण आले. पुढे सम्राट गॅलिएनसच्या कारकिर्दीच्या अखेरीस अँटोनिनियानस म्हणजे चांदीचा पातळ मुलामा दिलेले तांबेच उरले होते. त्यामुळे तांबूस दिसणारे नाणे ‘चांदीचे नाही’ म्हणून बाजूला टाकणे चुकीचे ठरते. उलट, आऱ्यांचा मुकुट दुपोंडियस या पितळी किंवा तांब्याच्या जुन्या नाण्यावरही असतो. तिथे आधी सम्राट ओळखावा, कारण तो कॅराकॅलाच्या आधीचा असेल तर अँटोनिनियानसचा प्रश्नच उद्भवत नाही.

भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे देनारियस फार मोठ्या संख्येने आहेत, म्हणून इकडच्या जुन्या साठ्यातील नाण्याबाबत प्रथम देनारियसचाच विचार करावा. त्यांपैकी काहींवर मुद्दाम मारलेली छिन्नीची खोल खाच दिसते, तिला झीज समजू नये. कडेला किंवा अशा खाचेत आतले तांबे उघडे पडले असेल, तर ते मुलाम्याचे प्राचीन बनावट देनारियसही असू शकते.

आणि ओळख पटेपर्यंत चिंच किंवा लिंबू लावून नाणे मुळीच घासू नये: अँटोनिनियानसवर उरलेला चांदीचा पापुद्रा त्यातच निघून जातो.