चार्जरची केबल : सांधायची, गुंडाळायची की टाकून द्यायची?

भाचा विश्रामबागेत खोली घेऊन राहतो. रविवारी सांगलीत आमच्याकडे जेवायला येतो आणि येताना काहीतरी मोडलेलं घेऊन येतो. गेल्या महिन्यात एकमेकींत गुंतलेल्या तीन केबल आणल्या. "मामा, तिन्ही गेल्या. यातली कुठली होत असेल तर बघा, नाहीतर नवीन घेतो."

"गेल्या म्हणजे कशा गेल्या?"

एक म्हणे हलवली की चालते. दुसरी चालते, पण फोन रात्रभर लावला तरी भरत नाही. तिसरी एकदम बंद.

हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिन्हींचा हिशेब वेगळा लागतो. शंभर रुपयांची वस्तू, एवढा विचार कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण हल्लीच्या फोनबरोबर आलेली केबल शंभराची नसते, आणि शंभराची आणली की फोन पूर्वीसारखा झटपट भरत नाही म्हणून परत बोंब असते. त्यामुळे दुरुस्तीच्या आणि खरेदीच्या वाटा एकमेकींशेजारी ठेवून बघू.

आधी केबलवरचा आरोप तपासा

मार्केट यार्डात अडत दुकानात काम करणारा माझा एक मित्र आहे. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत त्याने दोन महिन्यांत तीन केबल बदलल्या. चौथीही 'खराब निघाली' तेव्हा फोन घेऊन माझ्याकडे आला. टॉर्च मारून बघितलं तर चार्जिंगच्या भोकात खिशातली लव आणि हळदीची धूळ मिळून पिवळा लगदा घट्ट बसलेला. पिन पूर्ण आत जातच नव्हती. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूहळू उकरलं, तर वालाएवढा गोळा निघाला आणि चारही केबल ठणठणीत चालायला लागल्या. टाचणी किंवा सुई मात्र घालू नका. टाइप-सीच्या, म्हणजे हल्लीच्या फोनच्या लंबगोल भोकात मधोमध एक बारीक जीभ असते, तिच्यावरच्या पट्ट्या ओरखडल्या तर प्रकरण फोनच्या दुरुस्तीवर जातं.

म्हणून क्रम असा ठेवा : तीच केबल दुसऱ्या फोनला लावून बघा, मग दुसऱ्या ठोकळ्याला (म्हणजे भिंतीच्या प्लगात खोचायच्या चार्जरला), मग दुसरी केबल आपल्या फोनला. पाच मिनिटांचं काम आहे. तिन्हीकडून बोट केबलकडेच वळलं तरच पुढचं वाचा.

आता ती कुठे तुटलीय ते शोधायचं. केबल फोनला लावा आणि एका टोकापासून बोटभर-बोटभर अंतरावर हलकेच वाकवत जा. जिथे चार्जिंगची खूण येते-जाते तिथे आत तार तुटलीय. घरात मल्टिमीटर असेल तर चपट्या यूएसबीच्या (ठोकळ्यात जाणाऱ्या, जुन्या प्रकारच्या) टोकाला तपासणी करता येते. तिथे चार पट्ट्या दिसतात, कडेच्या दोन विजेच्या आणि मधल्या दोन डेटाच्या. टाइप-सीच्या टोकात मीटरची सुई जात नाही, तिथे वाकवून बघणंच खरं.

बहुतेक वेळा खूण फोनच्या बाजूच्या पिनेपासून दोन-तीन सेंटीमीटरच्या आतच हलते. झोपून फोन बघताना केबल छातीवर टेकते आणि मानेतच काटकोनात मोडते. तांब्याची बारीक तार एकाच जागी हजार वेळा वाकली की तुटणारच.

नुसती साल फाटली असेल तर

चार्जिंग व्यवस्थित होतंय, पण वरचं रबर फाटून आतली जाळी किंवा रंगीत तारा दिसतायत, अशी केबल कुठल्याही वेगाची असली तरी वाचवावी. इथे विजेला आपण हात लावत नाही, फक्त मानेला आधार देतो.

लोक काय-काय करतात! फेविक्विक ओततात. ते वाळलं की काचेसारखं कडक होतं आणि जिथे ते संपतं तिथे केबल नव्याने मोडायला लागते. एम-सीलचंही तेच. बॉलपेनची स्प्रिंग घालायची युक्ती दिसायला झकास आहे, पण तिचं धारदार टोक रबरात रुततं, मला ती आवडत नाही. काळी टेप एप्रिल-मेपर्यंत टिकते. मग आपल्याकडचं ऊन तिचा डिंक पातळ करतं आणि ती सरकून हाताला, खिशाला, चादरीला लागते.

गरम केली की आवळणारी स्लीव्ह हा रीतसर उपाय. ती दहा-वीस रुपयांत येते, पण घेताना एक गंमत लक्षात ठेवा. साधी स्लीव्ह आवळून निम्मी होते. टाइप-सीची पिन, तिच्या मुठीसकट, साधारण बारा मिलिमीटर रुंद. तिच्यावरून जाईल अशी स्लीव्ह घेतली तर आवळून सहाची होणार, आणि केबल असते साडेतीन-चार मिलिमीटरची. म्हणजे ती सैल लोंबणार. दुकानात 'तीनास एक' आवळणारी मागा. नसेल मिळत तर गोधडी शिवायचा जाड दोरा पिनेच्या मुठीपासून खाली घट्ट गुंडाळत न्या, शेवटाकडे विरळ करा आणि वरून चपलेला लावतात तो पिवळट रबरी बाँड पातळ फासा. तो वाळल्यावरही वाकतो. हे गुंडाळणं वर्षभर टिकलेलं मी बघितलंय.

मधोमध तुटली असेल तर

दारात चेमटली, उंदराने कुरतडली, खुर्चीचं चाक गेलं अशी केबल. सांधायला हीच सगळ्यात सोपी, कारण कापलेल्या दोन्ही बाजूंना रंग तेच असतात. लालला लाल, काळ्याला काळी, हिरवीला हिरवी, पांढरीला पांढरी. टाइप-सी ते टाइप-सी केबलमध्ये आणखी एक तार असते, बहुधा निळी. ती विसरलात तर ठोकळा वीज सोडतच नाही, कारण समोर फोन आहे हे त्याला त्या तारेवरूनच कळतं.

२५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. साठ-चाळीसचं कथील-शिसं १९० अंशांच्या आसपास वितळतं. चारही सांधे एकाच जागी घेऊ नका, एकेक सेंटीमीटर मागे-पुढे ठेवा, म्हणजे एकमेकांना टेकणार नाहीत. आणि स्लीव्ह आधी तारेत ओवा. इतकी वर्षं करतोय, तरी डाख दिल्यावर स्लीव्ह टेबलावरच राहिलेली दिसते आणि परत सोडवायला बसतो.

भाच्याची दुसरी केबल इथेच अडकली होती. टेप सोडली तर आत कुणीतरी आधीच सांधलेली, पण फक्त लाल आणि काळी. पांढरी-हिरवी कापून तशीच सोडलेली. त्याने एका टपरीवर वीस रुपयांत करून घेतली होती. असं केलं तर वीज जाते, पण त्या दोन तारांवरून फोन ठोकळ्याची ओळख पटवत असतो. ओळख पटली नाही की बरेच फोन जपून, जेमतेम ५०० मिलिअँपिअर घेतात. पाच व्होल्टला तो झाला अडीच वॅट. हल्लीची ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. आठ-नऊ तास धरा. रात्रभर लावूनही भरत नाही त्याचं कारण हे. बाहेरून सांधून घेणार असाल तर 'चारही तारा जोडा' एवढं वाक्य बोला.

पाण्यात भिजलेली केबल मात्र सांधायला घेऊ नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर शेजारच्यांची चिखलाने भरलेली केबलची अख्खी पेटी माझ्याकडे आली होती. पिना पुसून चकचकीत केल्या, पण साल सोलली की आत तांबं काळंठिक्कर. ओल तारेच्या कडेकडेने सालीखाली वीतभर चढलेली होती. त्या काळ्या तारेला डाख धरतच नाही.

केबल फास्ट चार्जिंगची असेल तर

इथे मी माझा उत्साह आवरतो. ओप्पो, वनप्लस, रियलमी यांच्या ६५ वॅटच्या चार्जिंगमध्ये दहा व्होल्टला साडेसहा अँपिअर वाहतात. हातचा सांधा कितीही नीट केला तरी थोडा विरोध करतोच. तो ०.०५ ओहम धरला, तर जुन्या दोन अँपिअरच्या चार्जिंगला त्या सांध्यात ०.२ वॅट उष्णता होते. हाताला कळतही नाही. साडेसहा अँपिअरला तीच उष्णता दोन वॅटच्या वर जाते, आणि तीही वाटाण्याएवढ्या जागेत, टेपच्या आत, कदाचित उशीखाली. प्रवाह सव्वातीन पट आणि उष्णता दहापट.

शिवाय अशा केबलच्या पिनेत ओळखीची चिप किंवा जादा पट्टी असते. टाइप-सीमध्ये तीन अँपिअरच्या वर जायचं तर केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागतेच. आयफोनच्या जुन्या लाइटनिंग केबलमध्येही चिप होती (आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, तिथेही टाइप-सी आली). मधली तार सांधली तर चिप शाबूत राहते, पण वरचा उष्णतेचा मुद्दा जात नाही. म्हणून माझा कौल : साल फाटलीय तोवर गुंडाळा, तार तुटली की नवी घ्या.

पिनेच्या मानेतच तुटली असेल तर

पिन कापून नवी लावणं हा तिसरा मार्ग. मायक्रो यूएसबीची सुटी पिन मिळते आणि जमतेही. टाइप-सीची पिन लावायला भिंग लागतं, आणि चपट्या यूएसबीकडून टाइप-सीकडे येणाऱ्या केबलच्या पिनेत ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर असावा लागतो. फोनला किती वीज ओढावी हे त्यावरून समजतं. सुट्या पिनेत तो नसला तर फोन भरत नाही. चुकीचा असला तर फोन ठोकळ्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओढू शकतो. गूगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग २०१५ पासून बाजारातल्या टाइप-सी केबल स्वतः तपासत होते. २०१६ मध्ये एका केबलमध्ये आतल्या विजेच्या दोन तारा, अधिक आणि वजा, उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉपच गेला. कारखान्यात ही चूक होते, तर आपण रात्री दहाला ट्यूबच्या उजेडात डाख देणार!

शंभर रुपये वाचवायला पंधरा हजारांचा फोन पणाला लावायचा हा व्यवहार मला पटत नाही. आणि पिना काळ्या पडल्या असतील, प्लास्टिक वितळलं असेल, तर त्या केबलचा कुठलाच भाग वापरू नका.

नवी घ्यायची तर कुठली

रस्त्यावरची शंभर-दीडशेची आणि दुकानातली तीनशे ते सहाशेची, यातला फरक बहुतेक तारेच्या जाडीत असतो. २८ नंबरच्या बारीक तारेची मीटरभर केबल जाऊन-येऊन सुमारे ०.४३ ओहम विरोध करते. दोन अँपिअरला ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्च, म्हणजे पाचातले सव्वाचारसुद्धा फोनपर्यंत पोचत नाहीत. २४ नंबरच्या जाड तारेत हाच तोटा ०.३४ व्होल्ट. (नंबर वाढला की तार बारीक होते, हा उलटा हिशेब कुणी काढला कोण जाणे.) बारीक तारेची केबल दोन मीटरची घेतली तर तोटा दुप्पट. पलंगापर्यंत पुरावी म्हणून लांब घेता आणि मग फोन हळू भरतो म्हणून ठोकळ्याला शिव्या देता.

वरची विणलेली साल बघून भुलू नका, हातात वजन घेऊन बघा. अगदी स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ते हलकं असतं, लवकर तुटतं, आणि पुढे सांधायला गेलात तर मुलामा निघून डाख घसरतो.

आईवडिलांच्या साध्या दहा वॅटच्या फोनला दुकानातली अडीचशे-तीनशेची, मीटरभर लांबीची केबल पुष्कळ झाली. कंपनीच्या खास फास्ट चार्जिंगला मात्र त्याच कंपनीची घ्यावी लागते, आठशे-हजार मोजून. दुसऱ्या केबलने फोन भरतो, पण साध्या वेगाने. रात्रीच चार्ज करत असाल तर तो साधा वेगही चालतो, मग एवढे पैसे घालूच नका. सकाळी अंघोळ होईस्तोवर फोन भरायला हवा असेल तरच घाला. ठोकळाही बदलणार असाल तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते वाचा. २३० व्होल्ट त्याच्यात असतात. तो घरी कधीच उघडायचा नाही.

तर भाच्याच्या तीन केबल. हलवली की चालणारी मानेतच तुटलेली होती. ती कापून तिच्या तारा मी डब्यात ठेवल्या. बंद पडलेली ६५ वॅटची निघाली, पिन काळी पडलेली, तिच्याकडे बघून त्याला नवी कंपनीचीच घ्यायला सांगितलं. कुरकुर केली, पण घेतली. टपरीवरची दोन तारांची तेवढी सोडवली, चारही जोडल्या, मीटरने तपासल्या. आधी जुन्या पॉवर बँकेला लावून तासभर सांध्यावर बोट ठेवून बघितलं. गरम झाली नाही.

ती आता त्याच्या आजीच्या फोनला लावलीय. "जोडलेली आहे, उशाशी घेऊन झोपू नकोस," असं तिला सांगितलंय. ती दुपारी भांडी आवरली की फोन ओट्याच्या कोपऱ्यात लावते आणि चहाच्या वेळेला काढते.