डोंगराची वाट घरी बसून निवडताना : ऑसमअँड आणि कंटूररेषा, पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

सोलापूरहून कळसूबाईला जायचं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, पहाटे कल्याण, तिथून कसारा लोकल आणि पुढे जीप. पायथ्याच्या बारी गावात पोहोचेपर्यंत सकाळचे नऊ-दहा होतात. पुण्या-नाशिकच्या मंडळींना वाट चुकली तर पुढच्या रविवारी पुन्हा जाता येतं, आपल्याला ती सोय नाही. म्हणून वाटेचा निर्णय गाडीत बसण्याआधीच पक्का असावा लागतो. ऑसमअँड हे ॲप आमच्या गटाने मुख्यतः त्यासाठीच वापरलं. चालताना दिशा दाखवणं हा त्याचा दुसरा उपयोग, आणि आमच्या मते तो दुय्यमच आहे.

मांडणी थोडक्यात. ॲप फुकट आहे, नकाशे ओपनस्ट्रीटमॅपचे, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचे. महाराष्ट्राची फाइल वेगळी उतरवता येते, पण फुकट आवृत्तीत मोजक्याच फाइली मिळतात. कंटूररेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) आणि डोंगराची छाया दाखवणारा थर यांसाठी पैसे भरावे लागतात. सगळं उतरवल्यावर घरीच फोन एअरप्लेन मोडवर टाकून आपला डोंगर उघडून बघा. रेषा दिसल्या नाहीत तर कंटूरची फाइल उतरलेली नसते किंवा तो थर चालू केलेला नसतो. पायथ्याला रेंज नसताना हे लक्षात येऊन उपयोग नाही.

खरा माल कंटूररेषांमध्ये आहे. नकाशा पुरेसा मोठा केला की उंचीचे आकडे लिहिलेल्या दोन रेषा शोधायच्या आणि मधल्या रेषा मोजायच्या, म्हणजे दोन रेषांमध्ये किती मीटरचा फरक आहे ते कळतं. झूम बदलला की हे अंतर बदलू शकतं, त्यामुळे दर वेळी मोजून घ्यावं. मग बोटाने वाट धरून प्रत्येक १०० मीटर चढाला जमिनीवर किती अंतर मिळतंय ते मोजपट्टीने बघायचं. ४०० मीटर मिळत असतील तर उतार साधारण १४ अंशांचा, म्हणजे गप्पा मारत चढता येईल असा. २०० मीटर असतील तर २७ अंश, इथे दम लागतो. १४० मीटर असतील तर ३५ अंशांच्या पुढे, इथे घसाऱ्यावर पाय सरकतो आणि उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. १०० मीटरला १०० मीटर म्हणजे ४५ अंश. नकाशावर वाट अशा जागी सरळ वर जाताना दिसली की तिथे हात लावावे लागणार हे गृहीत धरा.

रेषांचा आकारही वाचायला शिका. रेषांचं टोक चढाकडे घुसलं असेल तर ती घळ किंवा ओढा, टोक उताराकडे बाहेर आलं असेल तर ती सोंड. दोन्ही बाजूंनी रेषा आत येऊन मध्ये चिमटा पडला की ती खिंड. अनोळखी डोंगरावर पर्याय असेल तेव्हा आम्ही सोंडेची वाट घेतो. तिच्यावरून दोन्हीकडचं दिसतं, पावसात पाणी अंगावर येत नाही, आणि वरून सुटलेला दगड बहुतेक वेळा बाजूला उतरतो. घळीत तो थेट खालच्या माणसाकडे येतो. सोंडेचा तोटा एकच, सावली आणि पाणी नसतं. मार्चनंतर माणशी तीन लिटरच्या खाली जाऊ नका.

वेळेच्या अंदाजासाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब अजून उपयोगी आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. बारीतून कळसूबाईचा (१६४६ मीटर) चढ साधारण साडेआठशे मीटरचा आणि एकेरी अंतर सहा किलोमीटरच्या आसपास. हिशेब येतो अडीच तासांवर थोडा. पण हा हिशेब सराव असलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. सोलापूर पठारावर वसलेलं, जवळपास मोठा चढ नाही, म्हणून आपल्या गटाने त्यात निम्मी भर घालावी. चार तास धरले की दुपारची उतरण उजेडात होते. शनिवार-रविवारी वाटेत कातळावर बसवलेल्या शिड्यांपाशी रांग लागते, तिचा वेळ वेगळा.

त्या शिड्यांवरून या साधनाची सगळ्यात मोठी मर्यादा कळते. मोबाइल नकाशांतल्या कंटूररेषा बहुतांशी एसआरटीएम या मोजणीतून आलेल्या असतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानातून रडारने हे काम झालं. त्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला उंचीचा एकच आकडा मिळतो. सह्याद्रीचा बसाल्ट थरांमध्ये आहे: सपाट पदर, मग १०-१५ मीटरचा उभा कातळ, पुन्हा पदर. तो कातळ ३० मीटरच्या चौकोनात विरघळतो आणि नकाशावर नुसता तिरका उतार दिसतो. कळसूबाईच्या शिड्या जिथे बसवल्या आहेत तिथे निव्वळ रेषांवरून शिडीची गरज कळत नाही. शिखरंही याच कारणाने काही मीटर बुटकी दिसतात.

हरिश्चंद्रगडावर (१४२४ मीटर) हा फरक जिवाशी येऊ शकतो. पाचनईची वाट छोटी आणि सोपी. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी लांब, खिंडीच्या वर कातळटप्प्यावर रेलिंग आहे. तिसरी नळीची वाट, कोकणातल्या बेलपाड्याहून, चढ हजार मीटरच्या वर. नकाशावर तिन्ही तुटक रेषांनीच काढलेल्या दिसतात. कंटूर मोजले तर नळीचा चढ जास्त आणि तीव्र आहे एवढं नक्की कळतं, पण तिथे कातळारोहण करावं लागतं, दोर आणि जाणकार माणूस लागतो, हे रेषा सांगत नाहीत. कोकणकडा तर पुढे झुकलेला आहे. एका जागेला एकच उंची देणाऱ्या नकाशात झुकलेला कडा मावतच नाही. आमचा नियम असा: एकूण चढ, उताराची तीव्रता आणि सोंड-घळ यांसाठी रेषांवर पूर्ण विश्वास, कातळटप्प्यासाठी अजिबात नाही. तेवढ्यासाठी गावातल्या माणसाला विचारायचं, आणि प्रश्न नेमका विचारायचा: "हात लावून चढावं लागतं का? पावसात गावातले लोक या वाटेनं जातात का?" नुसतं "वाट आहे का" विचारलं तर उत्तर नेहमी "आहे" असंच येतं.

तुटक रेषेवर बोट ठेवलं की काही ठिकाणी वाटेची अवघडपणाची श्रेणी दिसते, टी-१ ते टी-६. टी-३ च्या पुढे नवख्यांना नेऊ नये. सह्याद्रीत बहुतेक वाटांना श्रेणी भरलेलीच नाही, आणि ढोरवाट व मळलेली वाट एकसारखीच काढलेली असते. दुसऱ्या कुणी चालून नोंदवलेली जीपीएक्स फाइल घेतलीत तर तिच्यात पुढे जाऊन मागे आलेले काटे शोधा. तिथे तो माणूस चकला होता. अशा जागा आधीच खुणा करून ठेवल्या तर सप्टेंबरात गवत आणि कारवी माजलेली असतानाही फाटा सापडतो.

फोनवरची उंची हा वेगळा विषय. उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली असते, समुद्रसपाटीवरून नाही. आपल्या भागात दोन्हींमध्ये साठ ते ऐंशी मीटरचा फरक पडतो आणि दुरुस्ती लागू नसेल तर फोन तेवढी उंची कमी दाखवतो. तपासणं सोपं आहे: सोलापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. उघड्या आकाशाखाली दोन-चार मिनिटं थांबून आकडा जुळवा. फरक साठ-सत्तरचा आला तर दुरुस्ती बंद आहे, पाच-दहाचा आला तर ठीक. नोंदवलेल्या एकूण चढावरही विसंबू नका. कंबर तलावाच्या सपाट रस्त्यावर फेऱ्या मारल्या तरी बराच चढ जमा झालेला दिसतो, कारण उंचीचा आकडा सतत वर-खाली हलतो आणि प्रत्येक हालचाल बेरजेत जाते. अरुंद नाळेत कड्यावरून परतणाऱ्या लहरींमुळे आपला ठिपकाही बाजूला उडतो.

किलिमांजारोचा (५८९५ मीटर) विचार करणाऱ्यांना या नकाशाचा जास्त फायदा होईल. तिथे परवानाधारक गाइड सक्तीचा आहे, वाट शोधायची नसते, निवडायची असते. आणि निवड करताना दिवसांच्या संख्येआधी मुक्कामांच्या उंचीकडे बघायचं. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून सर्वमान्य सूत्र असं की ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. टांझानियाचा नकाशा उतरवून मुक्काम लावून बघा. मरांगू वाटेवर २७२०, ३७२०, ४७२०: दर रात्री थेट हजार मीटरची उडी. झोपायला खोल्या आहेत, वाट सौम्य आहे, म्हणून स्वस्त पॅकेज बहुधा हीच पाच दिवसांची दाखवतं. जायचंच असेल तर होरोम्बोला (३७२०) एक जादा रात्र मागा, पैसे तिथे घाला. मचामे या दुसऱ्या वाटेच्या सात दिवसांत मुक्काम साधारण ३०००, ३८४०, ३९५०, ४०००, ४६५० असे पडतात. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला ४६०० पर्यंत चढून पुन्हा ३९५० ला झोपायला उतरतात, शरीराला सवय लागते ती यातून. मात्र सहा दिवसांच्या मचामेत ४००० चा करंगा मुक्काम गळतो आणि ३९५० वरून थेट ४६५० होतं. तो सातवा दिवस वाचवू नका. लेमोशो आठ दिवसांची, पश्चिमेकडून हळूहळू चढणारी. सोलापूरच्या साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवरून जाणाऱ्या आणि आधी कधी उंचीवर न झोपलेल्या माणसाला आम्ही तीच सुचवू. खर्च जास्त आहे, पण अर्ध्यातून परतण्याचा खर्च त्याहून मोठा. वेस्टर्न ब्रीचची वाट नकाशावर छोटी दिसते म्हणून भुलू नका. जानेवारी २००६ मध्ये तिथे दरड कोसळून तीन गिर्यारोहक गेले. दगड सुटण्याचा धोका कोणत्याही कंटूरमध्ये दिसत नाही.

बॅटरीचं सांगायचं तर एअरप्लेन मोडवर जीपीएस चालतं, स्क्रीन बंद ठेवून नोंद सुरू ठेवली तर एका दिवसाचा ट्रेक एका चार्जवर निघतो. थंडीत फोन अंगाजवळच्या खिशात ठेवा, गारठलेली बॅटरी अचानक मान टाकते. गटात निदान दोन फोनवर तोच नकाशा हवा.

पैसे भरावेत का? वर्षातून एकदा बारीतून कळसूबाई करणाऱ्याने भरू नयेत, ती वाट मळलेली आहे. साल्हेरला वाघांबे की साल्हेरवाडी, असे प्रश्न ज्यांना पडतात, किंवा पाच हजार मीटरच्या वर जायचं आहे, त्यांनी जरूर भरावेत. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा पीडीएफमध्ये घेऊन त्या डोंगरापुरता भाग कागदावर छापून घ्या. त्यात कंटूर २० मीटरचे आहेत. ॲपवरचा नकाशा आणि हा कागद यांत जिथे फरक दिसेल, तिथलीच चौकशी गावात आधी करायची.