मॉडिफाइड म्हणून साधाच कॅमेरा गळ्यात मारला

अ‍ॅस्ट्रोसाठी, म्हणजे आकाशातल्या ताऱ्या-तेजोमेघांच्या फोटोंसाठी, सेकंडहँड कॅमेरा बघताय ना, मग हे वाचा, मी २६ हजारांना शेंडी लावून घेतलीये.

मला हॉर्सहेड, म्हणजे घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा नेब्युला (तेजोमेघ), काढायचा होता. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, त्यातला व्याधाच्या बाजूचा तारा, त्याच्या अगदी खाली. घोडा म्हणजे नुसती काळी धूळ, मागे हायड्रोजनचा लाल पडदा असतो म्हणून तो दिसतो, आणि तो लाल म्हणजे ६५६ नॅनोमीटर, जो साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा फिल्टर बराचसा खाऊन टाकतो. म्हणून तो फिल्टर काढलेला, म्हणजेच मॉडिफाइड, कॅमेरा हवा होता.

विकणारा माणूस ठाण्याला स्टेशनबाहेर भेटला, गोड बोलणारा, मोबाइलवर हॉर्सहेडचा जबरी फोटो दाखवला, 'ह्याच कॅमेऱ्यावर काढलाय'. मॉडिफाइड कॅमेऱ्यात दिवसा सगळं लालसर येतं हे मी वाचून गेलेलो, क्लिक केला तर समोरच्याचा पांढरा शर्ट गुलाबी! झालं, तिथेच जीपे केलं.

अमावस्येला, अंधारं आकाश मिळतं म्हणून, वांगणीला गेलो. दोन दोन मिनिटांच्या ४५ फ्रेम, घरी येऊन स्टॅक केल्या (एकावर एक रचून एकच फोटो बनवला) तर शेजारचा फ्लेम नेब्युला बऱ्यापैकी आलेला पण लाल पडदा इतका फिका की घोडा कुठेय ते शोधावं लागत होतं. आणि बाजूलाच मित्राचा मॉडिफाइड कॅमेरा लावलेला, त्याच्या एका फ्रेममध्ये घोडा सरळ दिसत होता. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलं, दोन दिवस सेटिंग्जशी झटापट केली. मग मित्रानेच मेनू उघडला, व्हाइट बॅलन्स शिफ्ट, म्हणजे फोटोचा रंग एका बाजूला ढकलणारं सेटिंग, अंबर (पिवळसर) आणि मजेंटा (गुलाबी) कडे टोकाला नेऊन ठेवलेला!! रीसेट केल्यावर शर्ट पांढराशुभ्र. तो फोटो गूगलवर टाकून शोधला तर कुठल्यातरी परदेशी माणसाचा निघाला, तोही कूल्ड अ‍ॅस्ट्रो कॅमेऱ्यावर (सेन्सर थंड ठेवणारा, आकाशाच्या फोटोंसाठीचाच खास कॅमेरा) काढलेला.

तर घेताना आधी विकणाऱ्यासमोर सगळी सेटिंग्ज रीसेट करा, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवून उन्हात रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, जमलं तर सोबत एक साधा कॅमेरा न्या आणि तोच सीन दोन्हीवर घ्या, फरक लगेच कळतो. जुन्या फोटोची रॉ फाइल मागा, जेपीजी कोणीही दाखवेल. मी ह्यातलं काहीच केलं नाही, चहाही त्यानेच पाजला होता.

फोन केला तर म्हणे 'दादा, तुमचं फोकसिंग कच्चं आहे'. नंतर ब्लॉक.