ठरलेलं पुस्तक, मुक्त पुस्तक की जोडपुस्तक? आधी पेपर कोण काढतं ते बघा

प्रथम वर्षाच्या संख्याशास्त्राला कुठलं पुस्तक लावायचं, हा विषय विभागाच्या बैठकीत निघाला की गाडी लगेच किमतीवर येते. मुक्त पुस्तक फुकट आहे, मग घोडं अडतं कुठे? अडतं ते पेपरात. संलग्न महाविद्यालयात सत्रअखेरचा पेपर दुसराच कुणी काढतो आणि तपासतो बहुधा तिसरा. स्वायत्त महाविद्यालयात अभ्यास मंडळही तुमचं आणि पेपरही तुमचाच. एकच पुस्तक पहिल्या ठिकाणी धोक्याचं आणि दुसऱ्या ठिकाणी उत्तम ठरू शकतं, ते यामुळेच.

बाजारातलं ठरलेलं पुस्तक, तयार मुक्त पुस्तक आणि मुक्त तुकडे जोडून बांधलेलं जोडपुस्तक यांच्या तुलनेआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. मोफत आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. एनसीईआरटीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, पण त्यांचे हक्क राखीव आहेत. त्यातलं प्रकरण उचलून, बदलून, तुमच्या विभागाच्या नावाने वाटता येत नाही. टेलिग्रामवर फिरणारी पीडीएफ तर मुक्तही नाही आणि कायदेशीरही नाही. मुक्त म्हणजे ज्यावर क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा परवाना स्पष्ट छापलेला आहे ते.

ठरलेलं पुस्तक

स्थानिक प्रकाशकाच्या पुस्तकाला नावं ठेवणं सोपं आहे. पण ते विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या क्रमाने चालतं, घटकाच्या शेवटी मागच्या परीक्षांचे प्रश्न देतं, आणि पेपर काढणाऱ्याच्या टेबलावरही बहुधा तेच असतं. कला आणि वाणिज्य शाखेत मराठी माध्यमाची सोयही इथेच आहे. तोटा अभ्यासक्रम बदलला की कळतो: जुनी पुस्तकं रद्दीत, नवी आवृत्ती बाजारात, आणि आतली उदाहरणं पुष्कळदा तीच. उत्तर चुकीचं छापलं असेल तर तुम्ही वर्गात फळ्यावर दुरुस्ती सांगणार, पुढच्या वर्षीही तीच सांगणार.

तयार मुक्त पुस्तक, जसंच्या तसं

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचं 'इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स' हे चांगलं उदाहरण. २०१३ची पहिली आवृत्ती, तेरा प्रकरणं, परवाना सीसी बाय ४.०. श्रेय द्या आणि हवं ते करा, इतका मोकळा. नमुना निवडीपासून एकमार्गी अनोव्हापर्यंत (अनेक गटांच्या सरासरींची तुलना) मांडणी स्वच्छ आहे, सराव भरपूर आहे.

पण आपल्या प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून बघा. मोमेंट्स, यूलचा साहचर्य गुणांक, स्पिअरमनचा क्रम सहसंबंध आणि निर्देशांक हे आपल्याकडचे नेहमीचे विषय त्यात शिकवलेले नाहीत. उलट टीआय-८३ आणि ८४ कॅल्क्युलेटरची बटणं कशी दाबायची, यावर पानंच्या पानं आहेत, आणि तो कॅल्क्युलेटर आपल्याकडच्या मुलाच्या दप्तरात सापडत नाही.

याहून गंभीर गोष्ट सूत्रांत दडलेली आहे. हे दहा आकडे घ्या: २, ४, ५, ७, ८, १०, १२, १५, १८, २०. पहिलं चतुर्थक, म्हणजे ज्याच्या खाली पाव भाग आकडे येतात तो आकडा, किती? ओपनस्टॅक्सच्या रीतीने खालच्या निम्म्या भागाचा मधला आकडा घ्यायचा, म्हणून ५. आपल्याकडच्या पुस्तकांत एन (एकूण किती आकडे) अधिक एक भागिले चार ही रीत रूढ आहे. त्याने जागा येते २.७५वी आणि उत्तर ४.७५. लिब्रेऑफिस कॅल्क या मोफत स्प्रेडशीटचं साधं क्वार्टाइल फंक्शन तिसरंच उत्तर देतं: ५.५. तिन्ही बरोबर आहेत, व्याख्या वेगळ्या आहेत. पण तपासनिसाच्या हातातल्या आदर्श उत्तरपत्रिकेत एकच आकडा असतो. आकडे सरासरीभोवती किती पसरलेत हे सांगणाऱ्या प्रमाण विचलनाचंही तसंच. नमुन्यासाठी ते पुस्तक एन वजा एकने भागतं, आपल्याकडे पहिल्या सत्रात बहुतेक ठिकाणी एननेच. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आकड्यांचं उत्तर एकीकडे २.१४, दुसरीकडे बरोबर २.

म्हणून असं पुस्तक लावायचं असेल, तर कुठल्या घटकात कुठली व्याख्या परीक्षेसाठी धरायची याचं एक पान आधी तयार करा आणि पुस्तकासोबतच वाटा. शिक्षकांसाठीची उत्तरं ओपनस्टॅक्सवर शिक्षक असल्याची पडताळणी झाल्यावरच उघडतात. सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी अर्ज करून उपयोग नाही.

जोडपुस्तक

इथे तुम्ही अनेक मुक्त स्रोतांतले तुकडे घेऊन स्वतःच्या अभ्यासक्रमाचं पुस्तक बांधता. कष्ट सगळ्यांत जास्त, आणि पेपर तुमच्या हातात असेल तर फळही सगळ्यांत चांगलं.

सुरुवात तक्त्याने करा. अभ्यासक्रमातल्या प्रत्येक ओळीला एक आडवी रांग. उभे रकाने पाच: स्रोत, पान किंवा दुवा, परवाना, काय कमी आहे, ते कोण लिहिणार. परवान्याचा रकाना सगळ्यांत आधी भरा, कारण इथेच महिनाभराची मेहनत वाया जाते. 'बाय' म्हणजे श्रेय द्या, 'एसए' म्हणजे बदललेलंही त्याच परवान्याने वाटा, 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. 'बाय-एसए' आणि 'बाय-एनसी-एसए' या दोन परवान्यांचे मजकूर मिसळून एकजीव प्रकरण करता येत नाही; दोन्ही आपापलाच परवाना पुढे लावायला सांगतात. परवान्यात 'एनडी' (बदल करून वाटू नका) असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही, कारण भाषांतर हाही बदलच. एकाच प्रकाशकाची सगळी पुस्तकं एकाच परवान्याची असतात, हेही गृहीत धरू नका. ओपनस्टॅक्सच्या कॅल्क्युलसच्या तिन्ही खंडांना 'बाय-एनसी-एसए' आहे, त्यामुळे त्यांतून केलेलं पुस्तक दुकानदाराला नफ्यावर विकायला देता येणार नाही. त्यांचं नाव, बोधचिन्ह आणि मुखपृष्ठ परवान्यात येतच नाही. मुखपृष्ठ आपलं आपण करा.

श्रेयाच्या ओळीत मूळ शीर्षक, लेखक, दुवा, परवाना आणि तुम्ही काय बदललं, हे पाचही हवं. 'इंटरनेटवरून साभार' याला श्रेय म्हणत नाहीत.

टीआय-८३ची पानं काढली की तिथे काय घालायचं? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिब्रेऑफिस कॅल्कचे छोटे धडे मराठी आवाजात आहेत आणि परवाना बाय-एसए आहे. मजकूर मिसळायचा नाही, धड्याचा दुवा द्यायचा. मग परवान्यांची टक्कर होत नाही. सूत्रांची पानं लिब्रेटेक्स्ट्स या मुक्त पाठ्यपुस्तकांच्या संकेतस्थळावरून घेता येतात, मात्र तिथे पानागणिक परवाना बदलू शकतो. प्रत्येक पान तपासा.

मराठीत बांधत असाल तर जुन्या पीडीएफमधून मजकूर चिकटवू नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर कचरा होऊन उतरतो आणि युनिकोड पीडीएफमधूनही जोडाक्षरं आणि वेलांट्या जागा सोडतात. मुद्रितशोधनाला लागणाऱ्या वेळात नव्याने टाइप करून होतं.

छपाईत आणखी एक फसगत. मुळातला आलेख रंगीत असतो, लाल रेघ आणि हिरवी रेघ. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये दोन्ही करड्या. छपाईला द्यायच्या आधी एक पान मुद्दाम झेरॉक्स करून बघा. रेघ तुटक करा किंवा तिच्यावरच नाव लिहा. फाइलच्या नावात सत्र आणि वर्ष घाला आणि सत्र सुरू झाल्यावर ती फाइल गोठवा. मध्येच दुरुस्त फाइल चढवली की अर्ध्या वर्गाचा पान क्रमांक ४२ आणि उरलेल्यांचा ४४. चुका शुद्धिपत्रात, बदल पुढच्या सत्रात.

झेरॉक्स संच

हा चौथा पर्याय, म्हणजे पुस्तकांतल्या उताऱ्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा, बरेच जण चोरून वापरतात. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात, म्हणजे अशा संचांवरून प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२चा आधार घेऊन, अध्यापनासाठी लागणाऱ्या उताऱ्यांच्या संचाला मोकळीक मान्य केली. त्याचा अर्थ अख्खं पुस्तक स्कॅन करून संकेतस्थळावर चढवावं असा नाही. वाचनयादीतल्या मोजक्या उताऱ्यांसाठी हा मार्ग ठीक आहे. बदलता मात्र काहीच येत नाही.

मग निवडायचं काय

पेपर बाहेरून येत असेल तर ठरलेलं पुस्तक हटवू नका. अंतर्गत गुण आणि प्रात्यक्षिकं तुमच्या हातात असतात. मुक्त साहित्य तिथे आणा, एका घटकापुरतं. पेपर तुमचाच असेल आणि विभागात निदान दोघे लिहिणारे असतील, तर जोडपुस्तक करा, पण पहिल्या वर्षी सगळं नको. दोन घटक पुरे, आणि त्यांचा प्रश्नसंच धड्याआधी तयार करा, कारण मुलं आधी तोच मागतात. एकटेच असाल तर तयार मुक्त पुस्तक आणि व्याख्यांचं ते एक पान. अभ्यास मंडळावर ओळखीचं कुणी असेल तर मुक्त पुस्तकाचं नाव, आवृत्तीसह, संदर्भयादीत घालून घ्या. एकदा यादीत आलं की पेपर काढणाऱ्यालाही दोन व्याख्यांची दखल घ्यावी लागते आणि प्रश्नातच 'एन अधिक एकची रीत वापरा' असे चार शब्द येतात.