ट्रायल दिली एका कयाकची, घरी पाठवली दुसरीच! २१,३०० रुपये गेले

सेकंडहँड कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी बोट) घ्यायच्या विचारात असाल, त्यातून नाशिककडचे असाल, तर हे पूर्ण वाचा. आणि आधीच सांगतो, मी कोणाला ओटीपी दिला नाही, पैसे घ्यायचे म्हणून क्यूआर स्कॅन केला नाही, "आर्मीत आहे, बदली झाली म्हणून विकतोय" वाल्याच्या नादी लागलो नाही. हे प्रकार मलाही माहितीयेत. मी माणूस समोर बघितला, बोट समोर बघितली, पाण्यात उतरवून स्वतः वल्हवली आणि मग पैसे दिले. सगळे हेच सांगतात ना, बघून घ्या, चालवून घ्या? तीच ट्रायल दाखवून मला गंडवलं.

गळाचा नाद मला लहानपणापासून. गंगापूर, मुकणे, दारणा, सगळ्या धरणांवर काठावरून टाकलंय. पण मरळ बसते पाणवेलीच्या पलीकडच्या कडेला, तिथे काठावरून फ्रॉग (बेडकासारखं नकली आमिष) पोचतच नाही, पोचला तर ओढताना वेलीत अडकतो आणि लाइन तोडावी लागते. म्हणून कयाक. नवीन सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वर बसायची, रॉड होल्डरवाली, मी चौकशी केली तेव्हा ४८,००० च्या खाली कोणी बोलत नव्हतं. एका वापरलेल्या कयाकच्या जाहिरातीत २३,००० लिहिलेलं, घासाघीस करून विकणारा गडी १९,५०० वर आला. स्वस्त होती, मान्य, पण फुकट नव्हती, आणि वापरलेली वस्तू अर्ध्या किमतीत जातेच, त्यात शंका येण्यासारखं काही नव्हतं. "दुसरा एक जण पुण्याहून येतोय" म्हणून १,००० टोकन घेतलं.

ट्रायल गंगापूरच्या बॅकवॉटरला, सकाळी साडेसहाला. म्हणे रविवारी उशीर झाला की गर्दी होते, कोणीतरी हटकतं. पिकअपमधून ऑलिव्ह रंगाची कयाक उतरवली, सोबत वल्हं, लाइफ जॅकेट, सगळं नीट. माणूस पस्तिशीचा, "दादा, दादा" करून बोलणारा, माशांचं ज्ञान पण पक्कं, कुठल्या महिन्यात कुठे मरळ लागते ते सांगत होता. बोट सरळ चालत होती, वजन दोन्हीकडे सारखं, उतरल्यावर मी स्वतः मागचा ड्रेन प्लग (आत शिरलेलं पाणी काढायचं बूच) उघडून बघितला, आत थेंब नाही. अजून काय बघायचं असतं माणसाने?

आणि इथेच ते होतं. बोटीच्या शेपटाकडे त्याने सुरुवातीपासून एक ओला टॉवेल टाकून ठेवलेला. गाडीत चढवताना मी मागची बाजू धरली तेव्हा टॉवेल सरकला आणि खाली पिवळ्या ऑइलपेंटने रंगवलेला ७ दिसला. ठळक, हातभर लांबून वाचता येईल असा. मी विचारलं, हा नंबर कसला? "आधीच्या मालकाने टाकलाय दादा, थिनरने निघतो, पाठवायच्या आधी पुसून देतो." आणि टॉवेल परत त्यावर. आता रात्री झोप येत नाही तेव्हा तोच पिवळा सात डोळ्यासमोर येतो. स्वतःच्या एकुलत्या एका बोटीवर कोण नंबर टाकतं? नंबर टाकतो भाड्याने देणारा, ज्याच्याकडे आठ-दहा सारख्या असतात, कुठली आली कुठली गेली ते कळावं म्हणून. पण पाण्यातून नुकता बाहेर आलेला माणूस, इतक्या वर्षांची हौस पूर्ण होतेय, समोरचा इतकं सरळ उत्तर देतोय, त्या क्षणी हे कोणाच्या डोक्यात येईल?

तिथेच १२,००० यूपीआयने पाठवले. नाव वेगळंच आलं, तो म्हणाला बायकोचं खातं आहे. माझ्या गाडीला वर कॅरिअर नाही म्हणून त्याने टेम्पोने पाठवायचं ठरलं, टेम्पोचे १,८०० वेगळे. उरलेले ६,५०० टेम्पो सोसायटीच्या गेटवर आल्यावर, बोट खाली उतरवायच्या आधी, ड्रायव्हर म्हणाला मालकाने सांगितलंय पैसे जमा झाल्याशिवाय दोरी सोडायची नाही. तेही पाठवले. मिळून २१,३००.

प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बोट उघडली. रंग तोच, मॉडेल तेच, आणि शेपटावर सात नव्हता. मला वाटलं, बोलल्याप्रमाणे पुसून दिला, माणूस शब्दाचा पक्का निघाला. ज्या गोष्टीवरून संशय यायला हवा होता तीच गायब झाली आणि माझा विश्वास उलट वाढला. हे लिहितानासुद्धा हात थरथरतोय.

मेव्हण्याला घेऊन पाण्यावर गेलो. थोडंसं आत गेलो आणि बुडाखालून डुबुक डुबुक आवाज यायला लागला, वल्हं मारलं की पाणी आतल्या आत मागून पुढे जातंय असा. मागची बाजू खाली बसायला लागली, वळवायला गेलो तर एका अंगाला कलली. सिट-ऑन-टॉप तरंगते ती पोकळीतल्या हवेवर, ती जागा पाण्याने भरली की बोट जड होते आणि आतलं पाणी ज्या बाजूला पळेल तिकडे उलटते. काठ जवळ होता आणि अंगात माझं स्वतःचं, नवीन घेतलेलं जॅकेट होतं म्हणून हे लिहितोय. पलीकडे पाणवेलीपाशी गेलो असतो तर?

बाहेर काढून उलटी केली. सीटखालच्या स्कपर होलपासून (वर आलेलं पाणी खाली निघून जायला ठेवलेलं आरपार भोक) निघालेली वीतभर चीर, त्यात एमसील भरलेलं, वरून मॅचिंग स्प्रे. नखाने उचकटलं तर एमसीलची अख्खी पट्टी निघून हातात आली. हे पॉलिथिलीन आहे, याला एमसील, अराल्डाइट, फायबर काही धरत नाही, त्याच प्लास्टिकची सळई घेऊन वेल्डिंगच करावं लागतं. नाशिकच्या अंबडला एका प्लास्टिक वेल्डिंगवाल्याने बघून २,२०० सांगितले आणि वर "धरणात न्यायची असेल तर गॅरंटी नाही" हेही सांगितलं. कोणीही सेकंडहँड बघायला गेलात तर आधी बोट उलटी करा आणि प्रत्येक स्कपर होलच्या कडेवरून हाताचं बोट फिरवा, तिथेच फाटतात. रंगाचा वेगळा चकाका दिसला तर नखाने खरवडा, विकणाऱ्याला राग आला तर येऊ दे.

नंबर बंद. जाहिरात काढलेली. मग मी वेड्यासारखे भाड्याने कयाक देणाऱ्या कॅम्पांचे फोटो बघत बसलो आणि एकाच्या फोटोत रांगेत ऑलिव्ह बोटी, प्रत्येकीच्या शेपटावर पिवळा आकडा. फोन केला. हो म्हणाले, सात नंबर एक जण डिपॉझिट भरून दिवसासाठी घेऊन गेला होता, ओळखपत्राची झेरॉक्स ठेवलीय. मला द्या म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा.

आता पोलिस. पहिल्या ठाण्यात म्हणाले पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही माणसाला समोरासमोर भेटलात, हे सायबर कसं, हद्दीच्या ठाण्यात जा. हद्द कुठली? ट्रायल झाली ती जागा ग्रामीणमध्ये, टेम्पो उतरला तो शहरात. दोन्हीकडून एकमेकांकडे बोट. एका ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग दिवाणी मॅटर आहे, वकील बघा." साहेब, वस्तू मिळालीच नाही, मिळाली ती दुसरी! फोटो दाखवले, रॉड होल्डरचे स्क्रू एकात स्टीलचे, दुसऱ्यात गंजलेले, झूम करून दाखवलं. तर मलाच प्रश्न, "धरणात उतरायची परवानगी होती का तुमच्याकडे?" म्हणजे चोर राहिला बाजूला आणि मीच आरोपी. बँकेत गेलो तर खातेदाराची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय नाही. पत्र मागितलं तर आधी गुन्हा दाखल होऊ दे. गुन्हा का दाखल होत नाही तर समोरचा कोण ते माहीत नाही. ओळखपत्राची झेरॉक्स एका कॅम्पच्या ड्रॉवरमध्ये पडलीय, सगळ्यांना माहितीये, आणि एक पत्र लिहायला कोणी तयार नाही. पगारातून कर कापून घेताना हद्द आडवी येत नाही, तक्रार घेऊन गेलं की बरोबर येते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सरळ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी तक्रार घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात तेच. १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मी प्रिंट नेऊन टेबलावर ठेवली, ती माझ्याकडे परत सरकवली.

ट्रायल घेतलीत तर बोट नजरेआड होऊ देऊ नका, त्याच वेळी स्वतःच्या गाडीने न्या, गाडी नसेल तर टेम्पो तुम्ही ठरवा आणि त्यात स्वतः बसा. जमणार नसेल तर मार्करने आतल्या बाजूला सही करून फोटो काढा. बोटीच्या अंगावर कोरलेला सिरियल नंबर असेल तर टिपून घ्या, खरवडलेला दिसला तर तिथूनच माघारी फिरा. खात्यावरचं नाव आणि माणसाचं नाव जुळत नसेल तर एक रुपया पाठवू नका, बायको असो नाही तर सासू. आणि दोरी सोडायच्या आधी पैसे मागणाऱ्याला टेम्पोसकट परत पाठवा. पैसे ऑनलाइन गेलेच असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, मी ठाण्यांच्या पायऱ्या झिजवत बसलो आणि तोवर खातं रिकामं झालं असणार.

आता कलम १७३(४) खाली पोलिस अधीक्षकांना लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने टाकलीय, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. ऑलिव्ह रंगाची कयाक, पहाटेची ट्रायल, शेपटावर टॉवेल, असं तुमच्याबरोबरही झालं असेल तर लाजून गप्प बसू नका, तुमच्या ठाण्यात अर्ज द्या. एकाच खात्यावर दोन-तीन अर्ज आले तर त्यांना दिवाणी म्हणून हात झटकता येणार नाही. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख टाकून शिक्का मारून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, मला पहिल्या ठाण्यात पोच दिली नव्हती आणि आता ते म्हणतायत की मी आलोच नव्हतो.