१, सफदरजंग रोड: दिल्लीला गेलात तर हे चुकवू नका (५ पैकी ५)

डिसेंबरात आईबाबांना घेऊन दिल्लीला गेलो होतो. ट्रॅव्हल्सवाल्याच्या यादीत या पत्त्यावरचं इंदिरा गांधी स्मृती संग्रहालय होतं, म्हणजे त्या पंतप्रधान असताना राहायच्या तेच घर, पण बस थांबवून म्हणाला वीस मिनिटात या, आता वीस मिनिटात काय डोंबल बघणार, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मेट्रोने परत गेलो आणि दोन तास निवांत बघितलं. तिकीट नाही, एंट्री फ्री आहे.

आत फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, त्यांची अभ्यासिका, पुस्तकं, सगळं नीट मांडलंय. पण खरं बघायचं ते बागेतली पायवाट. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी नऊ वाजून गेल्यावर इंदिराजी याच वाटेने शेजारच्या अकबर रोडच्या ऑफिसकडे निघाल्या होत्या आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या दोन पोलिसांनीच गोळ्या घातल्या. आता ती वाट काचेनं झाकलीये. माझे बाबा पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झालेत, आयुष्यभर मंत्र्यांचे दौरे, सभा, गणपती सगळ्या बंदोबस्तात उभे राहिलेले. ते त्या काचेपाशी बराच वेळ थांबले, मग हळूच म्हणाले, "ज्याच्या भरवशावर दाराबाहेर पडायचं, तोच असा फिरला तर माणसाने करायचं काय रे."

तेव्हा घराचा बंदोबस्त दिल्ली पोलिसांकडे होता. या घटनेनंतर १९८५ ला एसपीजी (स्पेशल प्रोटेक्शन ग्रुप) उभी राहिली, फक्त पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी, आणि कायदा झाला १९८८ ला. तिथे थेट भरती नसते, सीआरपीएफ, बीएसएफ अशा दलांतून माणसं निवडून डेप्युटेशनवर घेतात, हे पण बाबांनीच सांगितलं.

आत त्या दिवशीची साडी आहे, डाग आणि गोळ्यांची भोकं दिसतात, सोबत पिशवी आणि चपला. आईने एकदा बघितलं आणि पदर तोंडाला लावून पुढे गेली. तिथेच राजीव गांधी तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला बॉम्बस्फोटात गेले तेव्हाचे त्यांचे कपडे पण आहेत, म्हणजे चिंध्याच उरल्यात. कायद्यात एसपीजीचं कवच फक्त पदावरच्या पंतप्रधानांना होतं, १९८९ ला राजीवजींचं पद गेलं तसं एसपीजी पण गेली, आणि २१ मे १९९१ ला हा स्फोट झाला. मग त्याच वर्षी कायदा बदलून माजी पंतप्रधानांना पण संरक्षण दिलं. मला मनापासून वाटतं हा बदल दीड वर्ष आधी व्हायला हवा होता, धोका काय पद सुटलं म्हणून सुटत नाही. बाबा म्हणाले, त्या स्फोटात बंदोबस्तातले पोलीस पण गेले, त्यांची नावं कोणाच्या लक्षात नाहीत.

सोमवारी बंद असतं. यलो लाईनवर लोक कल्याण मार्ग स्टेशनला उतरा. सकाळी लवकर जा, नंतर शाळांच्या सहली येतात आणि त्या काचेपाशी उभं राहायला जागा मिळत नाही.